चाच्यांच्या शोधात आलेलं आरमार

अलिबागच्या किनाऱ्यावर रोज माणसं सुकती लागायची वाट बघत उभी असतात. पाणी हटलं की समोरच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. पायाखाली घट्ट पुळण, मध्येच कालवं चिकटलेले खडक, आणि ज्यांना पाय भिजवायचे नाहीत त्यांच्यासाठी घोडागाडी. मी गेले तेव्हा भांगाचे दिवस होते. ओहोटी पूर्ण लागली तरी पाणी गुडघ्याखाली जाईना. चपला हातात घेऊन, साडी वर खोचून मी किल्ल्याच्या दरवाजापाशी पोचले आणि तटाला हात लावला. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेले. मध्ये चुना नाही. दोन दगडांच्या फटीत बोट सहज जातं. लाट आदळते, तिचं पाणी त्या फटींमध्ये शिरतं आणि जोर मोडून परत बाहेर येतं. तीन शतकांहून जास्त काळ हा तट समुद्राचा मार असाच खातो आहे.

मी तिथे गेले होते ती १७२१ सालच्या डिसेंबरसाठी. त्या महिन्यात इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजं या किल्ल्यासमोर नांगर टाकून उभी होती. त्यांना लंडनहून दिलेलं काम स्पष्ट होतं: मादागास्करच्या आसऱ्याने हिंदी महासागरात लुटालूट करणाऱ्या चाच्यांना शोधून काढायचं आणि संपवायचं. मादागास्कर इथून हजारो मैल दूर. मग ती जहाजं अलिबागला काय करत होती? या एका प्रश्नामागे मी बरीच वर्षं आहे. चाच्यांच्या बंदोबस्ताचा सगळा इतिहास त्याच्या उत्तरात सापडतो, असं माझं मत होत गेलं आहे.

सुरुवात त्याआधी सव्वीस वर्षं, सुरतेजवळच्या समुद्रात झाली. सप्टेंबर १६९५. औरंगजेब बादशहाचं ‘गंज-ए-सवाई’ हे मोठं जहाज मक्केचे यात्रेकरू आणि व्यापाराचा पैसा घेऊन सुरतेकडे परतत होतं. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने आपल्या ‘फॅन्सी’ जहाजावरून ते गाठलं. बादशाही जहाजावरची एक तोफ डागताना फुटली, आपलीच माणसं मेली, आणि गोंधळात एव्हरीचे लोक वर चढले. पुढचे काही दिवस त्या जहाजावर जे झालं त्याची वर्णनं वाचवत नाहीत. बायकांनी अब्रू वाचवण्यासाठी समुद्रात उड्या टाकल्या, असं मोगल इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवलं आहे. बातमी सुरतेत पोचताच लोक खवळले. ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रजांना बेड्या पडल्या, वखारी बंद झाल्या, आणि यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण देण्याचं कंपनीला कबूल करावं लागलं.

लंडनमध्ये एव्हरीवर इनाम लागलं. सरकारचे ५०० पौंड, त्यावर कंपनीची भर. एव्हरी शेवटपर्यंत सापडला नाही, पण त्याचे सहा साथीदार पकडले गेले आणि ऑक्टोबर १६९६ मध्ये खटला उभा राहिला. ‘गंज-ए-सवाई’ लुटल्याच्या आरोपातून ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. सरकार हादरलं. मग दुसरा खटला भरला, आरोप बदलून: एव्हरीच्या टोळीने बंड करून जे इंग्रज जहाज पळवलं होतं, त्याची चोरी. यात ते दोषी ठरले आणि पाच जणांना थेम्सच्या काठी, वॅपिंगच्या फाशीधक्क्यावर लटकवलं. तिथे फास ओहोटीच्या पाण्याच्या रेषेपाशी दिला जाई, कारण समुद्रावरच्या गुन्ह्यांच्या न्यायालयाची हद्द तिथून सुरू होत असे. प्रेतावरून तीन भरत्या जाऊ द्यायच्या, ही रीत.

दोन खटल्यांमधलं ते अंतर मी मनातून कधी काढू शकले नाही. मोगलांच्या जहाजावरचा अत्याचार शाबीत झाला नाही, इंग्रज मालकाच्या जहाजाची चोरी मात्र शाबीत झाली. कोणाला चाचा म्हणायचं हे कोणाचं जहाज लुटलं यावर ठरत होतं, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या वाट्याला जे आलं त्याचं बी मला या निकालात दिसतं.

कान्होजी हे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला वळवलं, तेव्हा आरमाराची सत्ता आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे कायम झाले. त्यांचा कायदा सोपा होता. कोकणच्या पाण्यातून व्यापार करायचा तर सरखेलांचं दस्तक घ्या, त्याची रक्कम भरा. दस्तक नसेल तर जहाज जप्त. ही रीत त्यांनी शोधून काढलेली नव्हती. पोर्तुगीज दोनशे वर्षं ‘कार्ताझ’ नावाचा असाच परवाना विकत होते, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याचं जहाज बुडवत होते. मुंबईचे इंग्रजही आपले परवाने देत. एकाच समुद्रावर तिघांचे परवाने चालत होते, आणि यातल्या ज्या एकाने युरोपियन जहाजाकडेही दस्तक मागितलं तो इंग्रजी कागदांत ‘चाचा अँग्रिया’ झाला.

आंग्र्यांच्या माणसांच्या हातून कोणाचं नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. जप्त झालेल्या गलबतांमध्ये सुरतेचे, मलबारचे साधे व्यापारी होते. खंडणीसाठी माणसं महिनोन्‌महिने अडकवून ठेवली गेली. १७१२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गव्हर्नरचं खासगी जहाज पकडलं गेलं, तेव्हा कारवारचा वखारवाला थॉमस चाऊन लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण, गरोदर बायको कॅथरीन कुलाब्याला कैदेत आली. ३० हजार रुपये घेऊन तिला सोडलं. ही हकीकत लक्षात ठेवा. ती बाई पुढे पुन्हा भेटणार आहे.

आंग्र्यांचं आरमार इंग्रजांपेक्षा वेगळ्या घडणीचं होतं. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, रुंद पोटाचं, उथळ पाण्यात चालणारं जहाज. पुढे टोकदार नाळ, आणि त्या नाळेवर समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांवर चालणारं. वारा पडला की इंग्रजांचं भलंथोरलं जहाज जागच्या जागी लटकून राही. तेव्हा गलबतं गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीशी आणत, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत. मग शिडं आणि डोलकाठ्यांवर मारा, जहाज लुळं झालं की चारी बाजूंनी चढाई. कोकणचा वारा, खाड्या आणि खडक तोंडपाठ असलेल्या तांडेलांचं हे युद्ध होतं.

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून १७१५ साली आला तो हे मोडून काढायचंच ठरवून. त्याने शहराला तट बांधला, लढाऊ जहाजं बांधली. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर चाल केली. दोन्हीकडे हात हलवत परत. १७२० मध्ये वॉल्टर ब्राऊनच्या हाताखाली पुन्हा विजयदुर्ग, या वेळी जाड फळ्यांचा एक तरंगता तोफखाना खास बांधून सोबत दिलेला. तोही निरुपयोगी ठरला.

आणि परतीच्या वाटेवर गोव्याच्या आसपास या तांड्यासमोर खरे चाचे आले.

एडवर्ड इंग्लंड आणि जॉन टेलर यांची टोळी. त्यांनी ऑगस्टमध्ये कोमोरो बेटांपैकी जोहान्नाजवळ जेम्स मॅक्रेचं ‘कॅसँड्रा’ हे कंपनीचं जहाज तासन्‌तास लढून घेतलं होतं. मॅक्रेला जिवंत सोडल्याबद्दल पुढे एडवर्ड इंग्लंडला त्याच्याच माणसांनी मॉरिशसवर टाकून दिलं. मॅक्रे मात्र मद्रासचा गव्हर्नर झाला. तर या टोळीची दोन जहाजं आणि ब्राऊनचा सगळा तांडा समोरासमोर. आंग्र्यांना ‘चाचे’ म्हणून धडा शिकवायला निघालेल्या ब्राऊनने चाचे दिसताच शिडं फिरवली. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तरंगता तोफखाना स्वतःच पेटवून दिला. चाचे तिथून आरामात कोचीनला गेले. तिथल्या डच अधिकाऱ्यांनी त्यांना धान्य, दारू, दोरखंड सगळं विकलं, आणि चाच्यांनी डच गव्हर्नरला भेटीदाखल एक सुंदर घड्याळ पाठवलं. लुटीचंच.

एप्रिल १७२१ मध्ये याच टेलरने ऑलिव्हिए लेव्हासरसोबत बूर्बाँ बेटापाशी, म्हणजे आजच्या रियुनियनला, ‘नोसा सेन्योरा दो काबो’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं. गोव्याहून मायदेशी निघालेलं, वादळात मोडलेलं, तोफा समुद्रात फेकून हलकं केलेलं. त्यावर मावळता व्हाइसरॉय होता आणि हिऱ्यांच्या पेट्या होत्या. चाचेगिरीच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या लुटींमध्ये हिची गणना होते.

कमोडोर थॉमस मॅथ्यूजचा तांडा इंग्लंडहून निघाला तो याच सुमारास. ‘लायन’, ‘सॅलिस्बरी’, ‘एक्सेटर’, ‘शोरहॅम’. वाटेत ‘सॅलिस्बरी’ वादळात मागे पडलं. त्याच्या कप्तानासाठी मॅथ्यूजने मादागास्करच्या सेंट ऑगस्टिन खाडीत स्थानिकांजवळ पत्र ठेवलं: किती जहाजं, कुठे निघालो. ते पत्र चाच्यांच्या हाती लागलं. ज्यांना गाफील गाठायचं त्यांनाच कमोडोरच्या हस्ताक्षरात खबर मिळाली, आणि ते पांगले.

सप्टेंबरमध्ये तांडा मुंबईला आला. पहिलं भांडण झालं ते सलामीवरून. कंपनीच्या किल्ल्याने आधी तोफा डागायच्या की राजाच्या जहाजाने? त्यात दिवस गेले. तोवर बूनने गोव्याच्या व्हाइसरॉयशी करार करून ठेवला होता: इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांचा कुलाबा घ्यायचा. राजाची लढाऊ जहाजं आयती दारात आलेली. मॅथ्यूजला मादागास्करऐवजी अलिबागला नेणं बूनला जड गेलं नाही, कारण सगळ्या कागदांत आंग्रे आधीच चाचे होते. एकदा शब्द चिकटला की हुकूम बदलावा लागत नाही.

चौलच्या पोर्तुगीज ठाण्यातून फौज निघाली. दोघांची मिळून सहा हजारांच्या घरात. कंपनीच्या फौजेवर रॉबर्ट कोवान, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. समुद्रातून मॅथ्यूज. कान्होजींच्या मदतीला शाहू महाराजांनी पिलाजी जाधवांना घोडदळ देऊन पाठवलं, पाठोपाठ बाजीराव. त्या लढाईचं जवळून केलेलं वर्णन क्लेमंट डाऊनिंग या दर्यावर्दीचं आहे. तो या मोहिमेत होता आणि १७३७ मध्ये त्याने हिंदुस्तानातल्या या युद्धांवर पुस्तक छापलं. आपल्या वरिष्ठांना तो झाकत नाही, म्हणून मला त्याच्यावर भरवसा ठेवावासा वाटतो.

पाहणी करायला कमोडोर स्वतः किनाऱ्यावर उतरला. झाडीतून एक मराठा स्वार दौडत आला आणि त्याने भाला कमोडोरच्या मांडीत घातला. संतापलेल्या मॅथ्यूजने घोडा त्याच्यामागे घातला, दोन्ही पिस्तुलं रोखून चाप ओढले, आणि एकही बार उडाला नाही.  स्वार निघून गेला. कोण होता तो, नाव कुठे मिळत नाही. पुळणीवरून परतताना मी सुरूच्या झाडांकडे बघत उभी राहिले, ती त्याच्यासाठी.

प्रत्यक्ष हल्ल्यात इंग्रज शिड्या घेऊन किल्ल्याला भिडले. त्याच वेळी मराठी घोडदळ पोर्तुगीजांच्या बाजूवर तुटून पडलं. पोर्तुगीज फळी मोडली, आणि ते पळाल्यावर मधल्या इंग्रजांची कोंडी झाली. तोफा, दारूगोळा तिथेच टाकून माणसं हटली. मॅथ्यूज संतापून किनाऱ्यावर आला आणि त्याने पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताच्या सेनापतीच्या तोंडात आपल्या हातातली छडी खुपसली. व्हाइसरॉयलाही याहून फार बरं वागवलं नाही. व्हाइसरॉय आजारी असल्याचं सांगून आपल्या जहाजावर गेला, आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी बाजीरावांशी स्वतंत्र तह केला. इंग्रजांना त्यात विचारलंही नाही.

मोहीम मोडली. पण मॅथ्यूजचा हिंदुस्तानातला आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कुलाब्याच्या कैदेतून सुटलेल्या कॅथरीनने पुन्हा लग्न केलं होतं. तिचा नवरा विल्यम गिफर्ड त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या अंजेंगो ठाण्याचा प्रमुख होता, आणि १७२१ मध्ये तिथल्या लोकांच्या उठावात त्याच्यासकट मोठी तुकडी कापली गेली. चाऊनच्या आधीही एक नवरा गमावलेली, तिशीही न गाठलेली ही बाई तिसऱ्यांदा विधवा झाली. मुंबईत कंपनीने तिच्यापुढे नवऱ्याच्या हिशेबाची बाकी ठेवली आणि जायला बंदी केली. मॅथ्यूजने कंपनीला न जुमानता तिला आपल्या जहाजावर घेतलं आणि इंग्लंडला पोचवलं. आंग्र्यांच्या कैदेचा तपशील इंग्रज इतिहासात रंगवून येतो. कंपनीने घातलेली बंदी मात्र हिशेबाची बाब म्हणून येते.

१७२२ मध्ये मॅथ्यूज अखेर मादागास्करला पोचला, ज्या कामासाठी आला होता त्या कामाला. उशीर झाला होता. सेंट मेरी बेटापाशी चाच्यांनी फोडून टाकलेल्या जहाजांचे सांगाडे होते, किनाऱ्यावर मिरी आणि लवंगांचा खच पडला होता. आशियाच्या बंदरांत ज्या मालासाठी माणसं मरत, तो तिथे वाळूत कुजत होता. टेलर कधीच निसटला होता. तो पुढे पनामाच्या किनाऱ्यावर स्पॅनिश अधिकाऱ्यांना शरण गेला, त्याला माफी मिळाली.

मॅथ्यूजला एकच चाचा भेटला, आणि तोही आपणहून. जमैकात जन्मलेला प्लँटेन. बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर त्याने गढी बांधली होती आणि तो स्वतःला तिथला राजा म्हणवत असे. तो हत्यारबंद माणसं घेऊन जहाजापाशी आला. इंग्लंडच्या राजाच्या कमोडोरने त्याला पकडलं नाही. त्याला टोप्या, जोडे, मोजे, दारू विकली. प्लँटेनने किंमत मोजली ती लुटीच्या सोन्यात आणि हिऱ्यांत.

इंग्लंडला परतल्यावर, डिसेंबर १७२४ मध्ये, मॅथ्यूजवर लष्करी खटला चालला. राजाच्या जहाजांवरून खासगी व्यापार केल्याबद्दल तो दोषी ठरला आणि त्याचा पगार कापण्यात आला. पुढे तो ॲडमिरल झाला. प्लँटेनला मादागास्कर धार्जिणं राहिलं नाही. तो एक होडी घेऊन निघाला आणि विजयदुर्गाला आंग्र्यांच्या चाकरीत लागला, असं डाऊनिंग लिहितो.

त्याच १७२२ च्या फेब्रुवारीत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कप्तान शॅलोनर ओगलने बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याला गाठून मारलं, आणि केप कोस्टच्या किल्ल्यात त्याच्या ५२ माणसांना फाशी झाली. चाच्यांच्या शिकारीची गोष्ट सांगताना ओगलचं नाव येतं, मॅथ्यूजचं येत नाही. मला मॅथ्यूजकडूनच जास्त कळतं. चाचा समुद्रावर क्वचितच सापडे. समुद्र फार मोठा होता आणि शिडाच्या जहाजाची धाव वाऱ्याच्या हातात. त्याला जिवंत ठेवत होतं ते बंदर. लुटीचा माल घेणारा व्यापारी, शिडाचं कापड विकणारा वखारवाला, घड्याळाची भेट स्वीकारणारा गव्हर्नर. १७०० च्या सुमारास कायदा बदलून वसाहतींमध्येच खटले चालवायची सोय झाली, आरोपींना लंडनपर्यंत नेण्याची गरज उरली नाही. १७१७ मध्ये राजाने शरण येणाऱ्यांना माफी जाहीर केली, आणि पुढच्या वर्षी वूड्स रॉजर्स ती घेऊन बहामात उतरला तेव्हा अनेकांनी ती घेतली. जे उरले त्यांच्यासाठी एकेक बंदर बंद होत गेलं. लेव्हासर १७३० साली पकडला गेला तो लढाईत नव्हे. तो मादागास्करला वाटाड्याचं काम करत होता. त्याला रियुनियनला नेऊन फाशी दिली. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर त्या चाच्यांचे वंशज राहिले. त्यांच्यातलाच रात्सिमिलाहो बेत्सिमिसराका लोकांना एकत्र आणणारा राजा झाला.

आंग्र्यांचा शेवट या मार्गाने आला नाही, कारण त्यांच्यामागे बंदरं आणि राज्य होतं. ते राज्य बाजूला झालं तेव्हा तो आला. कान्होजी १७२९ मध्ये गेले. मुलांमध्ये वाटणी झाली, विजयदुर्गाकडचे तुळाजी पेशव्यांना जुमानेनात. मग नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. २ एप्रिल १७५५ रोजी कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. निघण्याआधी मुंबईत बसून लुटीची वाटणी कागदावर ठरवून आले. तोफांच्या माऱ्यात तुळाजींच्या एका जहाजाने पेट घेतला आणि बंदरात खेटून उभी असलेली सगळी जहाजं जळाली. कान्होजींपासून उभं केलेलं आरमार एका दिवसात गेलं. किल्ल्यातले सुमारे दहा लाख रुपये आधी ठरल्याप्रमाणे इंग्रजांनी आपसात वाटून घेतले, पेशव्यांच्या माणसांना आत येऊ दिलं नाही. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिले. आपल्याच राज्याचं आरमार मोडायला आपण तोफा मागवल्या, हे लिहिताना आजही हात जड होतो.

लंडनच्या शूटर्स हिलवर जेम्सच्या विधवेने १७८४ साली बांधलेला एक त्रिकोणी मनोरा आहे. त्याचं नाव सुवर्णदुर्गावरूनच ठेवलेलं, इंग्रजी उच्चारात ‘सेव्हर्नड्रूग’. त्यावरच्या शिलालेखात किल्ला जिंकल्याची तारीख आहे, जेम्सच्या शौर्याची स्तुती आहे, आणि हर्णैच्या पाण्यातला तो किल्ला ‘मलबारच्या किनाऱ्यावर’ असल्याचं कोरलेलं आहे.

कुलाब्याच्या उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. मी गेले त्या दिवशी एक बाप आपल्या पोराला उचलून तोफेवर बसवत होता. “ही आंग्र्यांची तोफ,” तो म्हणाला. पोराने दोन्ही हातांनी तोफेला मिठी मारली आणि तोंडाने बार काढला. मी वाकून तोफेवरची अक्षरं पाहिली. यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव, आणि साल १८४९. तोवर आंग्र्यांचं संस्थान खालसा होऊन गेलं होतं. बापाला सांगावं असं मनात आलं, पण घोडागाडीवाला खालून हाका मारत होता, पाणी चढायला लागलं होतं, आणि पोरगं अजून नेम धरून समुद्राकडे बघत होतं.